बैलानं ऐकलेला बेस

बेस गिटार वाजवणाऱ्याले कोणी हिंग लावून विचारत नाही, हे आधीच सांगून टाकतो. आमच्या ऑर्केस्ट्रातल्या गायिकेसोबत लोक फोटो काढतात. ढोलकीवाल्याले पहिला चहा मिळते. कीबोर्डवाला तर नवरदेवापेक्षाही भाव खाते. अन् मले काय विचारतात? "भाऊ, तुमच्या गिटारच्या दोन तारा तुटल्या का?" अरे बावा, बेस चार तारांचाच असते! पण किती जणांले सांगू.

दिवसा मी पुसदले एका कृषी केंद्रात बियाणं-औषधं विकतो. गणपती, नवरात्र, लग्नसराई आली की खांद्यावर बेस घेतो. नाव नाही, पण मतं मात्र पोतंभर हायेत. नवी तार मले अजिबात चालत नाही, ताटल्या आपटल्यासारखी वाजते. तार कशी, बोटाचा घाम प्यालेली पाहिजे. फारच मेली तर उकळून घ्यावी. हो, उकळूनच. भगुण्यात पाण्यासोबत घटकाभर उकळली की तारेतला मळ निघून जाते अन् आवाज परत येते. बायकोनं एक भगुणं त्याच कामाले वेगळं काढून देल्लं. तारा टाकताना दिसलो की विचारते, "आज जेवायले तारांचा रस्सा का?" हासू दे तिले. टोनची घुंडी पूर्ण उघडी ठेवून आवाज चिरका करणाऱ्या माणसावर माह्या काडीचा भरोसा नाही. अन् बोटं सोडून प्लास्टिकच्या चकतीनं बेस वाजवणाऱ्यानं वरण-भातही चमच्यानं खावा.

पण माह्या खरा दुश्मन म्हणजे कीबोर्डवाल्याचा डावा हात. उजव्या हातानं गाणं वाजवते अन् डाव्यानं खालचे सूर दाबून ठेवते. मग माह्या बेस त्यात असा जिरते का माह्याच कानाले सापडत नाही. कितीदा भांडलो! तो तोंड वर करून म्हणते, "तुहा ऐकूच येत नाही, म्हून तं मले वाजवा लागते."

मले एकच हौस होती. आपल्या गावात, आपल्या बापासमोर, एकदा तरी आपला बेस असा वाजावा की लोकांच्या छातीत बसला पाहिजे. त्या हौसेपायी मागच्या पोळ्याले मी माती खाल्ली.

आमचं गाव ढाणकीच्या बाजूले. पोळ्याच्या दिवशी दुपारून आखरावर, म्हणजे गावची गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, आंब्याच्या पानांचं तोरण लागते. गावातल्या जोड्या सजून तोरणामागं रांगेनं उभ्या राहतात. मग झडत्या सुरू होतात, म्हणजे यमक जुळवून, गावातल्याच माणसांले चिमटे काढत ठसक्यात म्हटलेली पदं. कोणाची फजिती झाली असली तर ती झडतीत येतेच, अन् एकदा आली की जात नाही. झडत्या सरल्या की मानाची जोडी तोरणाखालून पहिले निघते. मग म्हणायचं, पोळा फुटला. त्याच्या आधी कोणाच्या बैलानं पाऊल टाकायचं नाही.

हा मान ज्या घराकडं होता त्यायनं बैल विकून ट्रॅक्टर घेतला. मागच्या वर्षी गावातल्या जुन्या माणसायनं ठरवलं का मान आता माह्या बापाले द्यायचा, कारण त्यांच्यासारखी निगुतीनं ठेवलेली जोडी पंचक्रोशीत नाही. बाबानं सारी उमर मागच्या रांगेत उभं राहून दुसऱ्याच्या जोडीची पाठ पाह्यली होती. मले फोन केला तेव्हा त्यांचा आवाज पोरासारखा झालता. आदल्या दिवशी बैलांचे खांदे शेकताना पळसाच्या पानानं लोणी-हळद अशी लावत होते, जशी नवरीले लावून राह्यले.

त्याच वर्षी गावच्या पोरांच्या मंडळानं पोळा फुटल्यावर गाण्याचा कार्यक्रम ठेवला अन् आमचा ऑर्केस्ट्रा बोलावला. बाबा मले एवढंच म्हणले, "पोळा फुटेस्तोवर तुहं ते वाजवू नको बापू. आपला काळ्या बैल कानाचा हलका हाये, आवाजाले भेते."

"मी काय लहान हावो का बाबा?" मी म्हणलं. वरून हासलोही.

स्टेज आखराच्या कडेलेच होतं. साउंडवाल्यानं लग्नात भिंती हालवणारे डीजेचे मोठे बॉक्स आणले अन् तोरणाच्या बाजूनं जमिनीवरच मांडले. माह्या बेस एवढ्या मोठ्या बॉक्सातून आजवर कधी गेला नव्हता. मी वायर लावून उभा होतो अन् हात नुसता शिवशिवत होता. तिकडं झडत्यांले रंग चढला. डफडे वाजून राह्यले, लोक ओरडून राह्यले. बाबा तोरणाखाली कासरा धरून उभे. कोरं धोतर, डोक्यावर फेटा, मान ताठ. कीबोर्डवाला माह्या कानाशी आला अन् म्हणला, "तुह्या बेस चालू हाये का, का आजबी नुसताच उभा राहशीन?"

बस! टाळकंच सरकलं. म्हणलं, एकच सूर. हळूच. एवढ्या गलक्यात कोणाच्या बापाले कळते! लोकायनं हर हर महादेवचा गजर केला, डफडे कडाडले, अन् मी जाडी तार छेडली.

खालचा सूर कानाले कमी अन् पायाले जास्त लागते. माह्या चपलेखालच्या फळ्या थरारल्या. काय टोन होता राजेहो! गोल, भरदार, जमिनीतून वर आलेला. ज्याच्यासाठी इतके वर्षं तारा उकळल्या तोच. लाजेची गोष्ट म्हणजे त्या घडीले मले आनंद झाला. मान वर करून पाह्यलं तं काळ्या उधळला होता.

बाबानं कासरा मनगटाले गुंडाळला होता. बैलानं त्यांले ओढत नेलं, ते गुडघ्यावर पडले, तरी त्यायनं सोडला नाही. काळ्या आडवा घुसला, तोरणाचा बांबू मोडला, आंब्याची पानं चिखलात गेली. मागच्या जोड्या जिकडं वाट भेटली तिकडं पांगल्या. देवाची कृपा की कोणाले शिंग लागलं नाही. पण झडती अर्ध्यात राह्यली अन् पोळा असा उधळून फुटला. आमच्या गावात असं आजवर झालं नव्हतं. बाबा उठले तेव्हा धोतर चिखलानं भरलेलं अन् तळहाताची कातडी सोललेली होती.

लोक काय, बोलायले मोकळेच. "बुढ्याच्यानं आता बैल आवरत नाही." "मान द्यालेच नव्हता पाहिजे." बाबा ऐकत होते. मले ते सहन झालं नाही. मी माइक ओढला अन् सांगतलं, "बाबाची चूक नाही. मी बेस वाजवला, त्यानं बैल भेला. चूक माही हाये."

मग मागून एक जण म्हणला, "अबे, तुह्या गिटारचा आवाज आजवर आमाले नाही ऐकू आला, बैलाले कुठून आला?"

सारा आखर हासला. कीबोर्डवाला पोट धरून हासला. अन् पाण्याच्या ड्रमपाशी हात धूत असलेले माहे बाबाही हासले. म्हणाले, "पोट्टा बापासाठी खोटं बोलून राह्यला. बैल माह्याच हातून सुटला ना बापा."

झालं! बापानंच सांगतल्यावर माह्यावर कोण भरोसा ठेवते? खरं करून दाखवायचं तं एकच रस्ता होता, तोच सूर पुन्हा वाजवायचा. तार बोटाखालीच होती. पण काळ्या अजून कापत होता, त्याच्या तोंडाले फेस होता. मी वायर काढून टाकली. त्या दिवशी कार्यक्रम झाला, मी वाजवलंही, अन् काय वाजवलं ते मले आठवत नाही. माणसाले मारलं तं मार खाऊन मोकळा होते. मले कोणी मारलंच नाही. गुन्हा कबूल केला अन् वरून लोकांनी चांगला पोरगा म्हणलं. असं मेल्याहून मेल्यासारखं मले कधी झालं नव्हतं.

यंदाच्या पोळ्याले मान दुसऱ्या घरी गेला. कोणी बाबाले काही सांगतलं नाही, बाबानं काही विचारलं नाही. जोडी सजवली अन् जाऊन मागच्या रांगेत उभे राह्यले. मी बेस न घेता एकटाच गेलतो. पोळा नीट फुटला. घरी आल्यावर आम्ही दोघं गोठ्यात बैलांचा साज उतरवत होतो, तेव्हा माह्यानं राहवलं नाही.

"बाबा, तुमाले मालूम होतं ना, काळ्या माह्या बेसनंच भेला म्हून?"

"कासरा माह्याच मनगटाले होता," बाबा झूल घडी करत म्हणले. "तुहा सूर जमिनीतून आला तसं पहिले त्याच्या अंगाले कापरं सुटलं, मंग कासऱ्यातून माह्या हाताले आलं. त्याच्यानंतर तो पयाला."

"मंग लोकायले काहून नाही सांगतलं? उलट मलेच खोटं पाडलं. तुमचा मान गेला ना."

बाबा घडी घालत राह्यले. "बैल आवरला नाही, म्हातारा झाला, याले कोन नाव ठेवते? अन् पोट्ट्यानं बापाचा मान घालवला, हे एकदा झडतीत आलं असतं तं दरसाल म्हटलं असतं. मी मेल्यावरबी म्हटलं असतं. तुले पोळ्याले गावात येता आलं असतं का?"

मी दुसऱ्या बैलाची घुंगरमाळ सोडून खुंटीले अडकवली.

"आवाज मातर चांगला होता तुहा," ते म्हणले. "भारी होता."

सारी उमर ज्या शब्दासाठी जीव टाकला तो मिळाला, अन् मले मान वर करून पाहता आलं नाही. हाताले काही तरी काम पाहिजे म्हणून मी काळ्याच्या कपाळावरचं बाशिंग सोडायले पुढं झालो. तो मागं सरकला, दावं ताणेपर्यंत सरकला.

"तू राहू दे," बाबा म्हणले. "त्याचं मी सोडतो."