गुरुजींच्या पंगतीवरचा ड्रोन

गुरुजींच्या मुलीच्या लग्नात माझ्याकडे एकच काम होतं. लग्नाच्या शूटिंगला नवरदेवाकडच्यांनी त्यांची माणसं आणली होती. मी फक्त जेवणाची पंगत ड्रोनने वरून घ्यायची, असं गुरुजींनी आधीच सांगून ठेवलं होतं.

केदारखेड्याजवळच्या आमच्या गावात गुरुजींची सारी नोकरी झाली. आता लग्न उरकलं की घर बंद करून ते आणि काकू मुलाकडे पुण्याला जाणार होते, कायमचे. म्हणून त्यांनी हाताखालून गेलेल्या सगळ्या विद्यार्थ्यांना बोलावलं होतं. पंगत मंडपात न बसवता शाळेच्या मैदानात, परिपाठाला आम्ही बसायचो तशा रांगांमध्ये बसवायची, हाही त्यांचाच हट्ट. "सगळे एकदा एका नजरेत दिसू दे," ते फोनवर म्हणाले होते, "मंग जातो."

त्यांना नाही म्हणणं मला शक्य नव्हतं. माझे वडील जाफराबाद रोडवर काळी-पिवळी जीप चालवायचे. आमच्या घरात कॉलेजला कोणी गेलेलं नव्हतं, आणि बारावीनंतर मला गाडीवर क्लीनर म्हणून घ्यायचं वडिलांनी पक्कं केलं होतं. ती सारी सुट्टी गुरुजी मुद्दाम त्यांच्याच जीपमध्ये पुढच्या सीटवर बसत आणि उतरेपर्यंत माझाच विषय काढत. शेवटी वडील वैतागून हो म्हणाले. मी जालन्यात बीएस्सी केलं. आज नवीन जालन्यात माझा छोटा स्टुडिओ आहे. त्या पुढच्या सीटशिवाय यातलं काहीच झालं नसतं.

लग्नाच्या दिवशी सकाळी मी गुरुजींच्या ओट्यावर ड्रोन काढून ठेवला आणि कॅमेऱ्यावरचं झाकण काढलं, तोच काकू ताट घेऊन बाहेर आल्या. आमच्याकडे मोटारसायकल असो की पिठाची गिरणी, कामाला लावण्याआधी तिला हळद-कुंकू लागतंच. मी झाकण परत लावायला हवं होतं. पण काकूंचा हात कसा धरणार? त्यांनी विचारलं, याचं तोंड कुठलं. मी कॅमेरा दाखवला. त्यांनी ओलं कुंकू बोटाने नेमकं तिथे टेकवलं, वर अक्षता टाकल्या आणि नमस्कार केला. मीही केला.

ड्रोन चालू केला तर कॅमेरा थरथरायला लागला.

ड्रोनचा कॅमेरा एका लहानशा दांडीला लटकलेला असतो. वाऱ्यात ड्रोन कितीही हलला तरी ती दांडी तिच्यातल्या बारीक मोटरींनी कॅमेरा स्थिर धरते. तिला जिंबल म्हणतात. ते जिंबलच बिघडलं होतं. मोबाईलच्या स्क्रीनवर शाळेचं मैदान एका बाजूला कलंडायचं, झटका खाऊन सरळ व्हायचं आणि पुन्हा कलंडायचं.

माझा वर्गमित्र शेजारीच उभा होता. "काय रे, थंडी वाजून आली का याला?" तो म्हणाला. मला हसू आलं नाही. काकूंना कळू नये म्हणून मी बॅटरी बदलतो असं सांगून ड्रोन शाळेच्या खोलीत नेला.

दांडीच्या मागे अक्षतेचा एक दाणा अडकला होता. तो सुईने काढला तेव्हा मला वाटलं, सुटलो. पण थरथर थांबली नाही. ओलं कुंकू मोटरीच्या फटीत जाऊन वाळलं होतं. काडीला कापूस गुंडाळून, स्पिरिट लावून मी पुसत बसलो. कापूस लाल व्हायचा, नवा घ्यायचो, तोही लाल व्हायचा. थरथर थोडी कमी झाली, गेली नाही.

आता कॅलिब्रेशन करायचं राहिलं होतं, म्हणजे सरळ कुठे आणि आडवं कुठे हे जिंबलला नव्याने शिकवायचं. त्यासाठी ड्रोन अगदी सपाट जागी लागतो. शाळेच्या फरशीला पाणी वाहून जायला उतार होता, ओट्यालाही होता. मित्र जाऊन मारुतीच्या मंदिरातून पोरांचा कॅरम बोर्ड घेऊन आला. त्यावर ठेवून केलं, तर कॅलिब्रेशन अर्ध्यात येऊन अडकलं. बंद करून परत केलं, परत तिथेच अडकलं. दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, ठेवून जा, आठवडाभराने बघू. तेवढ्यात लाउडस्पीकरवर मंगलाष्टका सुरू झाल्या. एकेक कडवं संपत होतं आणि मी कॅलिब्रेशन पुन्हा पुन्हा लावत होतो. लग्न लागलं. मैदानात पत्रावळ्या मांडल्याचे आवाज यायला लागले. मला रडावंसं वाटत होतं.

गुरुजी स्वतःच खोलीत आले.

"गुरुजी, कॅमेरा हालून राह्यला," मी म्हणालो. "जमंल असं वाटत न्हाई."

का, कशाने, हे त्यांनी विचारलंच नाही. "उडतो का?"

"उडतो."

"मंग उडव. तुझं अक्षर बी असंच हालायचं. वाचलंच ना मी."

मैदानाच्या कडेला कडुलिंबाखाली उभं राहून मी ड्रोन वर सोडला. गुरुजी माझ्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले. पहिल्या रांगेतून त्यांना हाका येत होत्या. ते हातानेच, तुम्ही चालू द्या, असं सांगत होते. व्हिडिओ बघवत नव्हता, सगळी पंगत बैलगाडीतून चालल्यासारखी दिसत होती. मग सुचलं, कॅमेरा थेट खाली वळवावा आणि व्हिडिओ सोडून एकामागून एक फोटो काढावेत. ऊन चांगलं होतं, एखादा तरी स्थिर येईल. एक पुसट आला, दुसरा तिरपा आला. वाढपी भात घेऊन फिरायला लागले. बॅटरी उतरत होती. मी बटण दाबतच राहिलो आणि मनात काय काय कबूल करत होतो ते आता आठवत नाही.

एक फोटो आला. बिलकुल स्थिर. सरळ रांगा, पत्रावळ्या, आणि नेमके सगळ्यांचे चेहरे वर.

मी ड्रोन खाली उतरवला आणि गुरुजींनी चष्मा सारून स्क्रीन जवळ घेतली. हा एसटीत लागला, ही नर्स झाली, याने फार त्रास दिला, असं ते बोट ठेवून सांगत राहिले. मीही बघत होतो, आणि पहिल्या रांगेत मला एका पत्रावळीमागची जागा रिकामी दिसली. ती त्यांची होती. ते माझ्याजवळ, लिंबाच्या फांद्यांखाली उभे होते. वरून आम्ही दोघंही दिसत नव्हतो.

"गुरुजी, तुम्ही तर याच्यात न्हाईच."

बॅटरी बदलून मी ड्रोन परत उडवायला घेतला, पण कॅमेऱ्याने मान टाकली ती वर आलीच नाही. लोक हात धुवायला उठले होते. लांबचे काही बसच्या वेळेसाठी फाट्याकडे निघालेही होते. सगळ्यांना परत बसवून मोबाईलवर तरी फोटो घ्यावा म्हणून मी हाक मारायला तोंड उघडलं, तर गुरुजींनी मला अडवलं.

"हजेरी घेणाऱ्याचं नाव हजेरीत असतं का?" ते म्हणाले आणि जाऊन आपल्या पत्रावळीपाशी एकटेच बसले.

त्यांच्या पानावरचा भात गार झाला होता. मी ड्रोन तिथेच लिंबाखाली ठेवला, वाढप्याच्या हातून वरणाची बादली घेतली आणि त्यांना वाढायला गेलो.