बसून बोलू

बाई आधी बसायच्या, मग बोलायच्या.

बडोद्याच्या खंडेराव मार्केटात तुम्ही गेला असाल तर तिथली सकाळची रेटारेटी तुम्हाला माहीत आहे. नीट उभं राहायला जागा नसते. पण बाई भाजीवाल्याच्या शेजारी रिकामा खोका शोधायच्या, तो पालथा घालायच्या, पदर सावरून त्यावर बसायच्या आणि म्हणायच्या, "हं, आता बसून बोलू. बोलो भाई, तुरियां केम आप्यां?" भाजीवाला "बेसो बेन, बेसो" म्हणत स्वतःचं पोतं सरकवून द्यायचा. मग तो बाईंच्या गुडघ्यांची चौकशी करणार, बाई त्याच्या मुलीच्या परीक्षेची. तुरियांचा, म्हणजे आपल्या दोडक्यांचा, भाव कधी ठरला ते कोणालाच कळायचं नाही, पण वाजवी ठरायचा आणि वर कोथिंबिरीची जुडी यायची.

माझी रीत वेगळी. मी भाव ऐकतो, हसतो, त्याच्या निम्मा सांगतो आणि चालू लागतो. मागे वळून बघायचं नाही. कोपरा यायच्या आत हाक येते, "अरे साहेब, आवो ने!" माझे पणजोबा गायकवाडी फौजेत होते. आमच्या वाट्याला त्यांचा फक्त राग आला, जमीन नाही. पाणीगेटच्या दोन खोल्यांतून निघून मकरपुऱ्याला मी स्वतःच्या कारखान्याची शेड उभी केली ती या हाकेच्या जोरावर. लोखंड घेतलं असंच, लेथ घेतले असेच. बायकोचं म्हणणं, लग्नही असंच ठरलं.

बाई शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाल्या होत्या. एकट्याच. घराणं दरबारच्या शास्त्र्यांचं, त्यामुळे इंग्रजी चोख. दुपारी माझ्या शेडवर येऊन परदेशची पत्रं लिहायच्या. तेव्हा देशाची दारं नुकतीच उघडली होती आणि मकरपुऱ्यात ज्याला त्याला एक्स्पोर्टचं वेड लागलं होतं. मलाही लागलं. मी बागांच्या पाण्याला लागणारे पितळी व्हॉल्व्ह बनवायचो आणि ते स्पेनमध्ये, व्हॅलेन्सियाच्या संत्र्यांच्या बागांत जायचे. मधे मुंबईचा एक दलाल होता. त्याला स्पॅनिश यायचं.

मुंबईच्या एका प्रदर्शनात माझा माल घेणारं स्पॅनिश गिऱ्हाईक स्वतः आलं. मी हिंदीत बराच वेळ बोललो. दलालाने त्याचं दोनच वाक्यांत भाषांतर केलं आणि दोघं माझ्याकडे बघून खो खो हसले. आता मला सांगा, माझ्या बोलण्यात हसण्यासारखं काय होतं? मी गॅस्केटबद्दल बोललो होतो.

बडोद्याला परत येईपर्यंत माझं डोकं तापलेलं होतं. त्याच संध्याकाळी दलालाला फोन करून शेडमधले सगळे कामगार मशीन बंद करून ऐकतील इतक्या आवाजात मी त्याच्याशी संबंध तोडला. मग बाईंना विचारलं, "स्पॅनिश शिकायला किती दिवस लागतील?"

"माणसाला की तुम्हाला?" बाई म्हणाल्या. पण दुसऱ्या दिवशी त्यांनीच व्हॅलेन्सियातला एक वर्ग शोधून काढला. थोड्या आठवड्यांचा, पण सकाळपासून दुपारपर्यंत कसून शिकवणारा. वर्ग संपला की गिऱ्हाइकाला थेट भेटायचं, असं मी ठरवलं.

बायको म्हणाली, "अहो, एकटे गेलात तर विमानातच भांडाल. बाईंना न्या."

बाईंनी हातातला चहा खाली ठेवला. "भाऊ, आयुष्यभर मी मुलांना नकाशात भूमध्य समुद्र दाखवला. तो खरंच निळा असतो का ते तरी बघून येऊ."

आम्ही निघालो. माझ्या बॅगेत व्हॉल्व्ह, बाईंच्या बॅगेत बडोद्याचा ओला, लीलो चिवडा.

दुपारी दुकानं बंद करून झोपणारं ते शहर. बडोद्याच्या माणसाला यात नवल वाटावं असं काही नव्हतं, उलट विमान चुकून परत आलं की काय असं वाटलं. एका विधवा आजीबाईंच्या फ्लॅटमध्ये आम्हाला एकेक खोली मिळाली. वर्गात जर्मन नवरा-बायको, एक जपानी नर्स, एक पोलिश पाद्री आणि आम्ही. मास्तरीण तरतरीत होती, इंग्रजीचा एक शब्द बोलायची नाही.

मी काय शिकायचं ते ठरवून गेलो होतो. आकडे, "क्वांतो" म्हणजे किती, "मुई कारो" म्हणजे फार महाग. बाकीचं गिऱ्हाइकाच्या तोंडी शोभतं, आपल्याला काय करायचंय? बाईंनी पहिला शब्द विचारून घेतला तो "बसा". सिएन्तेसे. आणि मग सुटल्याच. फ्लॅटमधल्या आजीबाईंना सिएन्तेसे, बागेतल्या बाकावरच्या म्हाताऱ्याला सिएन्तेसे, तो आधीच बसलेला असला तरी. ज्याच्या त्याच्या शेजारी बसायचं, चिवड्याची पुडी उघडायची आणि हातवारे करत गप्पा. रात्री जेवताना त्या मला आजीबाईंच्या दिराचं भांडण सांगायच्या. हे सगळं त्यांना कसं कळायचं, देव जाणे. आम्ही दोघं एकाच वर्गात बसत होतो!

एक दिवस मास्तरणीने वर्गात बाजार मांडला. ती दुकानदार, आम्ही गिऱ्हाइकं. माझी पाळी आली. तिने टोपीचा भाव सांगितला, मी "मुई कारो" म्हणालो आणि चालू लागलो. दारातून बाहेर, व्हरांड्यात. उभा राहिलो.

आत पुढचा धडा सुरू झाला.

खूप वेळाने बाई बाहेर आल्या. "भाऊ, पोट बिघडलंय का? ती विचारतेय."

"तिला सांगा, हाक मार म्हणावं."

"कशाला?"

"मी टोपी घेतोय ना!"

बाई तिथेच भिंतीला टेकून हसायला लागल्या. त्यांचं हसणं म्हणजे आधी आवाज नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग एकदम शाळेची घंटा. आख्खा वर्ग बाहेर आला. पाद्रीसुद्धा.

तो खोटा बाजार होता म्हणून मी मनावर घेतलं नाही. शनिवारी आम्ही खऱ्या बाजारात गेलो. काचेचा घुमट, खाली संत्र्यांचे ढीग. खंडेराव मार्केटचा श्रीमंत मावसभाऊच. मी एका संत्रेवाल्याला गाठलं. त्याने भाव सांगितला. मी हसलो, निम्मा सांगितला, "मुई कारो" म्हणालो आणि निघालो. तोही हसला आणि हात हलवून त्याने मला छानपैकी निरोप दिला.

मी मासळीच्या ओट्यामागे जाऊन थांबलो. हाक नाही. डोकावून पाहिलं तर तो दुसऱ्याच बाईला संत्री तोलून देत होता. या माणसाला धंदा कोणी शिकवला? चालत्या गिऱ्हाइकाला असं जाऊ देतात?

बाईंनी मला तिथे शोधून काढलं. "इथे काय करताय?"

"वाट बघतोय."

"कोणाची?"

"त्याच्या हाकेची."

बाईंनी मला खाली-वर पाहिलं. खांदे हलायला लागले. त्या तशाच परत गेल्या, संत्रेवाल्याच्या रिकाम्या पेटीवर बसल्या आणि डोळे पुसत त्याला काहीतरी सांगायला लागल्या. त्याने त्यांना पाणी दिलं. मग एक संत्रं सोलून दिलं. मग तोही हसायला लागला आणि दोघं मासळीच्या ओट्याकडे बघू लागले. मी चंद्राकडे बघावं तसं घुमटाकडे बघत राहिलो. बाई पिशवी भरून संत्री घेऊन आल्या. मी रागाने एकही खाल्लं नाही. रात्री खाल्लं. गोड होतं.

जखमेवर मीठ म्हणून मास्तरणीने शेवटच्या आठवड्यात बाईंना वरच्या वर्गात बसवलं आणि मला जपानी नर्सबरोबर खालीच ठेवलं. वर्ग कोणी शोधला, ते सोडा. कोणाच्या धंद्यासाठी आलो होतो?

आणि मग गिऱ्हाइकाकडे जायचा दिवस उजाडला. त्याचं ऑफिस गोदामाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. दलालाला मी तोडून आलो होतो. याच्याकडून थेट ऑर्डर मिळाली नाही तर दुसरा रस्ता नव्हता. घरी गेल्यावर नव्या लेथवर ताडपत्री टाकायची आणि पोरांना दुसरीकडे काम बघा म्हणायचं, एवढंच उरत होतं.

गिऱ्हाईक धिप्पाड, भुवया झाडूसारख्या. मी पाठ केलेलं सगळं स्पॅनिश एका दमात म्हटलं. तो आश्चर्याने उठून उभा राहिला, माझा हात हातात घेऊन हलवला. छान चाललं होतं. मग मी भाव सांगितला. त्याने मान हलवून त्याच्या खूप खालचा सांगितला.

त्यानंतर जे झालं ते मी केलं नाही, माझ्या पायांनी केलं. मी हसलो, बॅग बंद केली आणि चालू लागलो. बाईही उठतील असं वाटलं होतं. त्या उठल्या नाहीत.

दार माझ्यामागे बंद झालं. मी जिन्याच्या वळणावर येऊन थांबलो. शेडमधली पोरं डोळ्यांपुढे आली. हाक येईना. परत जावं तर भाव कायमचा पडला. खाली जावं तर सगळंच गेलं. एवढ्यात आतून बाईंचा आवाज आला, मग गिऱ्हाइकाचा, आणि मग शाळेची घंटा. बाई हसत होत्या! तो दलाल हसला तसंच, माझ्यावर! कठड्यावर मूठ आपटली ती अजून आठवते.

दार उघडलं. तो धिप्पाड माणूस स्वतः जिन्यापर्यंत आला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "सिएन्तेसे."

आत टेबलावर तीन कॉफ्या ठेवल्या होत्या. माझी गरम होती. भाव मधे कुठेतरी ठरला. खरं सांगायचं तर मी मनात धरला होता तिथेच.

खाली रस्त्यावर येताच मी बाईंना धरलं. "काय सांगितलंत त्याला?"

"बसून बोलू कधीतरी."

परतीच्या विमानात मी पुन्हा विचारलं. "आता तर बसलोयच की आपण!"

"हे बसणं नव्हे भाऊ, हे बांधून ठेवणं." आणि खिडकीतून खाली बघत म्हणाल्या, "निळा आहे हो. अगदी नकाशातल्यासारखा."

त्यानंतर ते गिऱ्हाईक वर्षानुवर्षं टिकलं. पण त्याच्यासमोर माझी चाल कायमची मेली. मी उठून निघालो की तो कॉफी मागवायचा. त्याच्या प्रत्येक पत्रात आधी सिन्योरा, म्हणजे बाई, कशा आहेत, मग व्हॉल्व्ह. इकडे बायकोने सगळ्या गल्लीत सांगितलं, "सौदा बाईंनी केला, हे जिन्यात उभे होते." कारखाना कोणाचा? घाम कोणाचा? मी बाईंवर किती वेळा तरी चिडलो, उद्यापासून येऊ नका म्हणालो. त्या दुसऱ्या दिवशी यायच्या, खुर्चीत बसायच्या आणि विचारायच्या, "हं, कुठलं पत्र आधी?" पण त्या दिवशी आत काय बोलल्या ते मात्र सांगितलं नाही. "बसून बोलू की. घाई काय आहे?"

घाई होती, ते आम्हाला दोघांनाही कळलं नाही. एका दुपारी त्या घराच्या ओसरीवर, वेताच्या खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या. शेजारणीला वाटलं, डुलकी लागली.

पुढच्याच हिवाळ्यात तो स्पॅनिश माणूस पहिल्यांदा बडोद्याला आला. शेड बघायच्या आधी म्हणाला, सिन्योरांच्या घरी जाऊ. गाडीत मी अखेर माझ्या खालच्या वर्गातल्या स्पॅनिशमध्ये त्यालाच विचारलं. त्या दिवशी बाई काय म्हणाल्या?

तो त्या आठवणीनेच हसायला लागला. "मी त्यांना म्हटलं, तुमचा माणूस निघून गेला. त्या म्हणाल्या, तो गेलेला नाही, कोपऱ्यावर उभा आहे. मी विचारलं, किती वेळ उभा राहील? म्हणाल्या, हाक येईपर्यंत."

माझ्या धंद्याचं एकुलतं एक गुपित, आणि ते गिऱ्हाइकाला सांगून टाकलं. अशा बाईला काय म्हणावं?

बाईंच्या घरी सुरतेचा पुतण्या आवराआवर करत होता. भांडी विकली होती, पुस्तकं बांधली होती. ओसरीवर वेताची खुर्ची होती, एका हाताचा वेत सुटलेली. मी म्हटलं, ही मला दे. त्याने भाव सांगितला. काय पण भाव! मी हसलो, निम्मा सांगितला आणि चालू लागलो.

गल्लीच्या कोपऱ्यावर, पानाच्या टपरीपाशी थांबलो. एक स्कूटर गेली. टपरीवाला म्हणाला, "केम छो, साहेब?" मी मान हलवली. कान मागे होते.

हाक आली नाही. कोण मारणार होतं?

मग मी परत फिरलो. आयुष्यात पहिल्यांदा, कोणी न बोलावता. ओसरीवर तो धिप्पाड स्पॅनिश माणूस पुस्तकांच्या गठ्ठ्यावर बसून बशीत चहा ओतायला शिकत होता. त्याने माझ्याकडे पाहिलं. आणि पायाने वेताची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

मी बसलो. खुर्ची कुरकुरली.

"हं," मी पुतण्याला म्हटलं, "आता बसून बोलू."