सटवाजीमामाची गारठलेली पिकप

आमच्या सटवाजीमामाला विंचवाची भीती नाही, भुताची नाही, फौजदाराचीही बेताचीच. पण माघातल्या सकाळी पिकपची चावी हातात घेतली, की त्याच्या तोंडचं पाणी पळतं. भगवानरावांच्या आडतीवरची ही पेट्रोलची पिकप, मामा तिचा ड्रायव्हर. कापूस, सरकी, लग्नाची वऱ्हाडं, सगळं तीच ओढते. दुपारी ती गुणाची बाई. सकाळी गारठली, की तिचं आणि मामाचं उभं वैर.

तिच्या प्रत्येक दुखण्याचा आवाज निराळा. ‘खर्र-खर्र-खर्र’ म्हणजे बॅटरी ठीक, पेट्रोल पोचत नाही. नुसतं ‘टक्’ म्हणजे बॅटरीनं मान टाकली. ‘फट्’ करून धूर सोडला, की प्लग ओले. मामा मान वाकडी करून ऐकतो, मग इलाज सुरू. रेडिएटरात कढत पाणी ओत. बॅटरीच्या टोकांवरची पांढरी बुरशी खरवड. तेवढ्यानं भागलं नाही, तर प्लग काढून मामीच्या चुलीत तापायला घाल.

“आवो, भाकरीला पेट्रोलचा वास यायलाय!” मामी ओरडते.

“खा गुमान,” मामा म्हणतो, आणि हसत नाही. त्याचे कान अंगणातल्या गाडीकडं.

गेल्या माघात तानुबाईच्या नातवाचं, उद्धवचं, लग्न निघालं. मुलगी पोखर्णीची. वऱ्हाड न्यायला मामाची पिकप. पुढं मामा, मधे फेटा बांधलेला नवरदेव, दाराशी तानुबाई. तिच्या बाजूच्या दाराची कडी मोडलेली, म्हणून ते बाहेरून सुतळीनं आवळून बांधलेलं. मागं हौद्यात बाया, लेकरं, रुखवताच्या परड्या आणि आम्ही.

त्या दिवशी प्लग तापवून, पाणी ओतून, नृसिंहाला हात जोडून इंजन एकदाचं लागलं. धुकं असं, की मधूनमधून मामाला मान खिडकीबाहेर काढावी लागत होती. गावाच्या शिवेवर रेल्वेचा रूळ आहे. फाटक नाही, फाटकवाला नाही. शिवेचा शेंदरी दगड रुळाला खेटून. दगड जुना, रूळ मागाहून आले.

“थांब, थांब! शीव आली की रे, सटवा!” तानुबाई ओरडली. नवरदेवानं शीव ओलांडताना गाडी थांबवून नारळ फोडायचा, नाहीतर मागून काहीबाही लागतं, हा आमच्याकडचा रिवाज.

“फुडं थांबवतो, मावशी. रूळ सरू द्या.”

“फुडं म्हंजी दुसऱ्या गावची शीव! माझ्या नातवाला काय झालं तर तू निस्तरशील का?” आणि तिनं स्टिअरिंगवरचा त्याचा हातच धरला.

मामा दचकला. ॲक्सिलेटरवरचा पाय उचलला गेला. गार इंजनाला तेवढंच पुरतं.

‘फुस्.’

पुढची चाकं रुळांपार, मागची दोन्ही रुळांच्या मधल्या खाचेत.

हौद्यातलं गाणं अर्ध्या ओळीवर तुटलं. उद्धवचा चुलता चंद्रभान घसा खाकरून म्हणाला, “भ्यायचं काम न्हाई. सकाळची गाडी रोज लेट असती.”

“ते पहिलं, भाऊजी,” मास्तरांची बायको सत्यशीला म्हणाली. “आता आणीबाणी हाय. गाड्या टायमावर यायल्यात.”

चंद्रभान पहिली उडी मारून खाली उतरला.

मामानं चोक ओढला, चावी फिरवली. ‘खर्र-खर्र-खर्र.’ घाबरून ॲक्सिलेटर दाबला, पुन्हा दाबला, पुन्हा दाबला. भप्पकन पेट्रोलचा वास आला.

“चढलं,” मामा म्हणाला. त्याचा आवाज लेकरासारखा बारीक झाला होता. “पेट्रोल चढलं. आता वाळल्याबगैर लागत न्हाई.”

तेवढ्यात रूळ गुणगुणायला लागले. आधी डासासारखे, मग माशीसारखे. धुक्यात लांब शिट्टी वाजली.

बायांनी लेकरं खाली फेकावीत तशी उतरवली. बापयमाणसं मागून ढकलायला लागली. गाडी नुसती डुलली. चाक रुळावर चढेना. मामानं खाली उतरून नवरदेवाला दंडाला धरून बाहेर ओढलं. “मावशी, इकडून या! लवकर!”

“ह्या दांडक्यावरून? माझा गुडघा वाकंना की रे!” तानुबाई स्टिअरिंग आणि गिअरच्या पलीकडं अडकली होती. तिच्या बाजूचं दार सुतळीनं बांधलेलं, गाठ दवानं फुगलेली. उद्धव धावत तिकडं गेला आणि गाठीला दात लावून बसला.

“सटवा,” तानुबाई हळूच म्हणाली, “यायली का रे?”

मामानं रानाकडं बघितलं. दोन ढांगांत तो ज्वारीत गेला असता. त्यानं धोतराचा सोगा कमरेला खोचला. तो परत वर चढला.

“पहिला गिअर,” तो स्वतःशीच बडबडत होता. “क्लच सोड. सोड म्हन्लं ना, भाड्या.”

इंजन मेलेलं असलं तरी गाडी गिअरात टाकून चावी मारली, की स्टार्टर तिला हिसका देतो. पण बॅटरी त्यात झरझर संपते. किती हिसके मिळतील ते तिलाच ठाऊक.

‘घुंऽक!’ गाडी वीतभर सरकली. ‘घुंऽक!’ चाक रुळाला भिडलं. तिसरा ‘घुं...’ घशातच राहिला.

“ढकला रे, मायबाप हो!” मामा किंचाळला.

चौथ्या हिसक्याला सगळ्यांनी खांदे लावले. चाक रुळावर चढलं, क्षणभर तिथंच तोललं, आणि गाडी पलीकडच्या उतारावरून घरंगळत बाभळीत घुसली. चंद्रभान रुळावर उताणा पडला होता, त्याला बायांनी धोतर धरून ओढलं. मग इंजिन आलं. धडधड, वाफ, कोळशाचा वास, खिडक्यांतली कानटोपी घातलेली तोंडं, आणि गेलं. धुक्यानं पुन्हा दार लावून घेतलं.

पहिली बोलली ती तानुबाईच. “मेल्या उद्धव, कमरंला कट्यार कशापायी खोवलीय? लिंबू टोचायला? सुतळी दातानं कुरतडायलास!”

नवरदेवाच्या ओठांतून रक्त येत होतं. एकजण फिस्सकन हसला, मग सगळेच. हसता हसता सत्यशीला रडायला लागली.

मामाची बोटं स्टिअरिंगवरून निघेनात. चंद्रभाननं एकेक करून सोडवली. पेट्रोल वाळेपर्यंत मामा खाली उकिडवा बसला. मग बाभळीतून काढून उतारावरून ढकलल्यावर इंजन लागलं, तेव्हा त्यानं कुणाला आवरायलाही वेळ दिला नाही. वऱ्हाड चालत्या गाडीत चढलं. तानुबाईनं नारळ खिडकीतूनच फेकला, आणि तो फुटला की नाही, हे कुणी मागं वळून बघितलं नाही.

पोखर्णीत मामानं इंजन बंद केलंच नाही. मांडवामागं गाडी घरघरत राहिली. भटजींना मंगलाष्टकं ओरडून म्हणावी लागली. मुलीचा बाप दोनदा येऊन गेला. “ड्रायव्हरसाहेब, बंद करा की. पेट्रोल फुकट जळायलंय.”

“जळू द्या.”

मामाचं ताट गाडीतच आणलं. एक पाय ॲक्सिलेटरवर, ताट मांडीवर. घास तोंडाशी जाईपर्यंत निम्मा सांडत होता. तानुबाई तुपाची वाटी घेऊन लंगडत आली.

“तूप वाढू का, लेकरा?”

“वाढा, मावशी,” मामा म्हणाला. “पण हाताला धरू नका.”