कोर्ट उठेपर्यंत

अंबाजोगाईला मायचे डोळे दाखवून, नवा चष्मा घेऊन परत येताना वाटेत एका गावी आम्ही जुनं फौजदारी कोर्ट बघायला थांबलो. निजामाच्या काळातली दगडी इमारत. कोर्ट केव्हाच नव्या जागेत गेलंय, आता तिकीट काढून आत सोडतात. थांबायचा हट्ट मायचाच होता.

"बघू तरी काय दाखवतेत," ती म्हणाली.

याच कोर्टात माय आरोपी म्हणून उभी राहिली होती. मी तिसरीत होते तेव्हा. मोठ्या दुष्काळाचं साल. गावातले सगळे आड कोरडे पडले, पाणी उरलं ते फक्त नदीकाठच्या सहकारी संस्थेच्या विहिरीत. गावातल्या प्रत्येक घरानं संस्थेचा शेअर घेतला होता, पण विहिरीच्या फाटकाला कुलूप होतं आणि पाणी चेअरमनच्या उसाला चाललं होतं. दोनदा अर्ज देऊन झाले. तिसऱ्या खेपेला माय आणि गल्लीतल्या सहा बायांनी भरदुपारी दगडानं कुलूप तोडलं, हंडे भरले आणि घरोघर पाणी वाटलं. चेअरमननं चोरीची फिर्याद दिली. सातही जणींनी कबूल केलं, "व्हय, तोडलं." कोर्ट उठेपर्यंत बसून राहायची शिक्षा झाली. संध्याकाळी साहेब उठले, मग त्या सुटल्या. धाकटा भाऊ तेव्हा अंगावर पीत होता. दिवसभर तो बाहेर माझ्या कडेवर रडत होता, मला आत सोडलं नाही.

आता त्याच खोलीत आरोपीच्या पिंजऱ्याला ताजं पॉलिश होतं. सहलीला आलेली माणसं एकेक करून आत चढत होती. गाइड त्यांच्या हातात खोट्या बेड्या अडकवायचा, ती तोंड वाकडं करायची, फोटो निघायचा. सगळे खो-खो हसत होते.

"या आजी, तुम्ही पण चढा. एक फोटो होऊन जाऊ द्या," गाइड म्हणाला.

"म्या चढलेय हितं," माय म्हणाली.

त्याला वाटलं, आजी गंमत करतात. तो हसला आणि आम्हाला भिंतीकडे घेऊन गेला. तिथं 'गाजलेले खटले' असा फलक होता. दोन दरोडे, एक खून, आणि त्यांच्या खाली, 'सहकारी संस्थेची विहीर लुटणारी महिलांची टोळी'.

मी ते मोठ्यानं वाचलं आणि गाइडकडे वळले.

"लुटणारी? यांनी काय लुटलं?"

"मॅडम, मला जे लिहून दिलंय ते मी सांगतो."

"मग हेही सांगा, की ही बाई त्यातलीच एक आहे. आणि हेही सांगा, की ती त्या संस्थेची सभासद होती. ती स्वतःच्याच विहिरीवर गेली होती!"

फोटो काढणारे आमच्याकडे वळले. एकानं मोबाईल मायकडे वळवला. मी त्याच्या अंगावर ओरडले, तसा त्यानं तो खिशात घातला. गाइड कावराबावरा झाला. माय पुढं झाली. पिंजऱ्याकडे बोट करून तिनं विचारलं,

"बाबा, त्यो चेअरमन कुठं उभा राहिलता, ती जागा दाखव की."

"ते… ते तर फिर्यादी होते ना, आजी."

"मंजी त्याला खुर्ची दिलती," माय म्हणाली.

दाराशी अभिप्रायाची वही होती. वरच्या ओळीत कुणीतरी 'खूप मज्जा आली' लिहिलं होतं. मायनं मला पेन घ्यायला लावलं आणि एकेक करत सातही जणींची नावं सांगितली, नवऱ्यांच्या नावांसकट. त्यातल्या चार जणी आता नाहीत. खाली लिहायला लावलं, 'आमी पाणी घेतलं. टोळी न्हवतो.' आणि नव्या चष्म्यातून बघत स्वतः सही केली. ती सही मी तिला साक्षरतेच्या वर्गात शिकवली होती.

व्यवस्थापकाला मी तिथंच फलक बदलण्याचा रीतसर अर्ज दिला. "वर पाठवतो," तो म्हणाला. पावसाळा सरल्यावर माझा मामेभाऊ तिकडं गेला होता. फलक तसाच होता. वहीतलं ते पान मात्र कुणीतरी फाडून नेलं होतं. हे मायला सांगावं की नाही, याचा दोन दिवस विचार केला आणि शेवटी सांगितलं.

"मग परत जाऊ," ती म्हणाली. "ह्या खेपंला उरलेल्या दोघीलाबी घेऊ संगं."

पुढच्या सोमवारी जीप ठरवली आहे.