लेंपीने पुसलेलं नुकसान

फिनिश भाषेत लेंपी म्हणजे प्रेम. लेंपी हिएताला हिचं नाव ठेवलं तेव्हा ती पाळण्यात होती, त्यामुळे तिच्या आईबापांना दोष देता येत नाही. आमचं गाव अमेरिकेतलं, मिशिगनच्या उत्तर टोकाचं, फिनलंडहून आलेल्यांच्या नातवंडा-पतवंडांचं. मी तिच्या समोरच्या घरात राहतो, आणि या नावाला शोभेल असं काही तिच्या हातून झालेलं मी तरी पाहिलेलं नाही. पोस्टमनवर तिचा राग, कारण तो वर्तमानपत्र दुमडून टाकतो. पाद्रीबाबांवर राग, कारण ते प्रवचनात लोकांना हसवतात. माझ्यावर सगळ्यात जास्त, कारण मी गावचा बर्फ ढकलायचा ट्रक चालवतो आणि रस्ता साफ करताना बर्फाचा वरंबा तिच्या फाटकापुढे पडतो. बर्फ कुठेतरी पडणारच हे तिला मान्य आहे. पण मी तो मुद्दाम तिच्या दारात टाकतो, यावर तिची श्रद्धा आहे, आणि चर्चमधल्या श्रद्धेपेक्षा ती पक्की आहे.

"तुझ्या आईला मी ओळखत होते," एवढंच ती मला म्हणते. पुढचं मी समजून घ्यायचं.

ते घर तिच्या नवऱ्याने, एइनोने, स्वतःच्या हातांनी बांधलं. मागे सौना, म्हणजे लाकडावर तापणारी वाफेची खोली, तीही त्यानेच बांधली. एइनो गेला त्यालाही आता बरेच हिवाळे झाले, पण छपराची निगा एक दिवस चुकलेली नाही. आमच्याकडे छपरावर साठलेला बर्फ लांब दांड्याच्या फावड्याने खालूनच ओढून पाडतात. सगळं गाव हे सवड मिळेल तसं करतं. लेंपी पहिली कॉफी झाली की करते, आणि करता करता शेजारच्या छपरांकडे असं बघते की शेजाऱ्यांना बिछान्यातसुद्धा ती नजर लागावी.

त्या फेब्रुवारीत मात्र आकाशानेच दगा दिला. आधी बर्फावर पाऊस पडला. मग सुपीरियर सरोवरावरून उत्तरेचं वादळ आलं, आणि सगळं होतं तिथे गोठलं. वारा एवढा की लेंपीला फावडं घेऊन बाहेर उभंही राहता येईना. छपराच्या कडेला बर्फाचा बांध तयार झाला, वर वितळलेलं पाणी त्या बांधाआड तुंबलं, आणि उतरायला वाट नाही म्हटल्यावर कौलपट्ट्यांखालून घरात शिरलं. स्वयंपाकघराचं सिलिंग पिवळं पडून बैलाच्या पोटासारखं फुगलं. भिंतीवरचा कागद सुटला. खाली गालिचा भिजला.

शहरात राहणाऱ्या तिच्या पुतण्याने, आर्विदने, विमा कंपनीला फोन लावून दिला. आर्विद माणूस वाईट नाही, पण काळजी करण्याची त्याची पद्धत अशी आहे की समोरच्याला आपण गेलोच आहोत असं वाटायला लागतं. त्याने लेंपीचं नाव म्हाताऱ्या माणसांच्या इमारतीच्या यादीत आधीच घालून ठेवलं होतं.

"काकू, छप्पर उतरवून दुरुस्त करायचं तुझ्या ऐपतीबाहेरचं आहे," तो म्हणाला. "विम्याने दिलं तर ठीक. नाही दिलं तर उन्हाळ्यात घर विकू. पुढचा हिवाळा हे छप्पर काढणार नाही."

"त्या इमारतीत सौना आहे?"

"आहे ना. सगळ्यांना मिळून एक. पाळी लावलेली असते."

लेंपीने फोन ठेवला. परक्यांच्या घामाच्या फळीवर पाळीने बसायचं, याच्यापेक्षा तिला थडगं बरं वाटलं असतं. तिथे निदान जागा स्वतःची असते.

कंपनीतल्या मुलीने फोनवर बजावलं होतं की सर्व्हेअर येईपर्यंत कशालाही हात लावू नका, जसं आहे तसं ठेवा. लेंपीने ते ऐकलं. तिला ते समजलंही. पण पाहुणा येणार हे कळल्यावर फिनिश बाईने घर जसं आहे तसं ठेवायचं, हे कोणत्याही कंपनीच्या आवाक्यातलं काम नाही. तिने भिंतीचा कागद सोलून सौनाच्या चुलीत जाळला. गालिचा धुतला, वाळवला, गुंडाळून ठेवला. सिलिंगचा फुगवटा फळीने वर रेटला, खिळे मारले आणि त्यावर पांढऱ्या रंगाचे हात दिले. शेवटी जमीन साबणाने घासून काढली. मग वेलदोडा घातलेला निसू, म्हणजे आमचा गोड पाव, भाजला आणि शत्रूची वाट बघत बसली.

शत्रूचं नाव क्लेटन बिक्सबी. मिशिगनच्या खालच्या भागातून, मोठ्या पुलापलीकडून आलेला. तिकडच्यांना आम्ही 'पुलाखालचे' म्हणतो. गोष्टींमध्ये पुलाखाली राक्षस राहतो, हे इथल्या लहान पोरालाही ठाऊक असतं.

पहिल्या भेटीची हकिकत मी दोघांच्याही तोंडून ऐकली. दोन्ही तंतोतंत जुळल्या, फक्त विशेषणं वेगळी होती.

"नुकसान कुठे झालंय?" बिक्सबीने विचारलं.

"तुम्ही उभे आहात तिथे."

त्याने वर पाहिलं, खाली पाहिलं. "मॅडम, मला स्वच्छ स्वयंपाकघर दिसतंय."

"मग काय, डुकरांचं दिसायला हवं होतं?"

"भिजलेला कागद कुठे आहे?"

"जाळला."

"गालिचा?"

"धुतला. वास घेऊन बघायचाय?"

"निदान फोटो तरी काढलेत?"

"घरात घाण पसरलेली असताना फोटो काढणारी माणसं असतील तुमच्या पुलाखाली."

त्याने माळा दाखवा म्हटलं. ती म्हणाली, शिडी मोडलीय. मग तिने कॉफी विचारली. तो नको म्हणाला. आमच्याकडे पहिल्यांदा नको म्हणणं हा शिष्टाचार, दुसऱ्यांदा म्हणणं चांगलं वळण, आणि तिसऱ्यांदा हो म्हणायचं असतं. बिक्सबी तिसऱ्यांदाही नको म्हणाला. तिथेच त्या क्लेमचं भवितव्य ठरलं, असं लेंपीचं ठाम मत आहे. प्रत्यक्षात ते चुलीमागच्या तांबूस डागाने ठरलं. एइनोच्या काळी तिथे नळ गळायचा. अख्ख्या घरात पाण्याची खूण म्हणून बिक्सबीला तेवढीच सापडली.

कंपनीचं पत्र आलं. वादळाचं ताजं नुकसान आढळलं नाही. जे आढळलं ते घराच्या देखभालीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष झाल्यामुळे. क्लेम नामंजूर.

ते पत्र घेऊन लेंपी रस्ता ओलांडून माझ्या दारात आली. तिच्या पायांना ही वाट माहीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

"दुर्लक्ष म्हणतो," ती म्हणाली. "मी. दुर्लक्ष." तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला बरं वाटलं असतं. "ज्या बाईने नवऱ्याच्या अंत्यविधीच्या सकाळी छपरावरचा बर्फ ओढला, तिला हा माणूस दुर्लक्ष म्हणतो."

"लेंपी, फेरतपासणी मागता येते."

"येते ना. मागितली मी. उद्या येतोय तो. तू साक्षीला यायचंस."

"मी? का?"

"तुझं माझं पटत नाही, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. तू माझ्या बाजूने खोटं बोलशील असं कुणी म्हणणार नाही."

एवढ्या मानाने मला आजवर कुणी बोलावलं नव्हतं. मी गेलो.

बिक्सबी मला वाटला होता त्यापेक्षा थकलेला निघाला. त्या वादळाने किनाऱ्याची सगळी छपरं झोडपली होती, आणि महिनाभर दारोदारी जाऊन तो शिव्या खात होता. शेगडीवर कॉफीचं भांडं होतं, त्यात ताजी कॉफी होती, आणि ती कुणालाही विचारली गेली नाही. आमच्याकडे याला युद्धाची घोषणा म्हणतात. मलाही मिळाली नाही, पण मी तटस्थ होतो ना.

"मिसेस हिएताला, पाणी वरून आलं म्हणता, तर मला वर जायला हवं," बिक्सबी म्हणाला. "मागच्या वेळी शिडी मोडलेली होती."

शिडी कोपऱ्यात उभी होती. तिला काय धाड भरली होती, मला तरी दिसेना.

"मोडलेलीच आहे."

"मी चढून बघतो."

"चढायचं नाही."

"मग मी आलोय कशाला?"

"तो शब्द परत घ्यायला."

"लेंपी," मी म्हणालो, "जाऊ दे ना त्याला वर. पुरावा वरच असणार."

"तू साक्षीदार आहेस. तोंड नाहीस."

बिक्सबीने बॅगेची चेन लावायला घेतली. "ठीक आहे. माळा दाखवायला नकार, असं लिहितो. पहिला निर्णय कायम राहील. एकदाच विचारतो, अडचण काय आहे? तिथे काय लपवलंय?"

लेंपीच्या गालावर लाली आलेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.

"माळा झाडलेला नाही," ती म्हणाली.

बिक्सबीचा हात चेनवरच थांबला. "बाई, ज्यांच्या माळ्यावर मेलेल्या खारी सापडल्या, त्यांचेही क्लेम मी पास केलेत."

"त्यांनी खारी ठेवल्या. तो त्यांचा प्रश्न."

"मला कोळ्याच्या जाळ्यांशी काही देणंघेणं नाही."

"जाळी आहेत असं तुम्हाला कोण म्हणालं?"

असा बराच वेळ गेला. एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला अब्रू, आणि मधे शिडी. लेंपी खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर सौनाचं छोटं धुराडं बर्फातून वर आलेलं दिसत होतं. ती वळली तेव्हा तिचं तोंड दाताच्या डॉक्टरकडे निघालेल्या माणसासारखं झालं होतं.

"बूट काढा," ती म्हणाली.

बिक्सबी मोज्यांवर शिडी चढला. वरचं झाकण सरकलं, बॅटरीचा उजेड हलला, आणि तो वाकून पुढे गेल्याचा आवाज आला. लेंपी खाली मान घालून उभी होती. वरून तो शिंकला. तिने डोळे मिटून घेतले. दुसऱ्यांदा शिंकला, तेव्हा ती माझ्याकडे बघून म्हणाली, "तू हे बाहेर बोललास तर बघ."

मग कडकन् आवाज झाला आणि नव्या पांढऱ्या सिलिंगमधून बिक्सबीचा पाय गुडघ्यापर्यंत खाली आला.

वरचा माणूस विव्हळत होता, पण तुळईवर बसलेला होता. पडणार नव्हता. रंगाच्या पापुद्र्यामागचा बोर्ड भिजलेल्या पावासारखा मऊ झाला होता. भोकातून, थंडी अडवायला माळ्यावर अंथरलेल्या गुलाबी कापसाचे ओले पुंजके, बर्फाचे तुकडे आणि गढूळ पाणी घासलेल्या जमिनीवर पडत होतं. पाय हवेत चाचपडत होता, आणि मोज्याची टाच पार फाटलेली होती.

लेंपी त्या टाचेकडे बराच वेळ बघत राहिली.

"देखभालीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष," ती म्हणाली.

आणि हात झाडूकडे गेला. तो गेलाच. बिक्सबीने भोकातून पाहिलं असावं, कारण वरून आवाज आला, "झाडू नका. फोटो काढेपर्यंत कशालाही हात लावू नका."

लेंपीने झाडू उचललेला होता. समोर तिच्या जमिनीवर चिखल पसरत होता, टेबलाच्या पायापर्यंत आला होता, आणि तिने नुसतं बघत राहायचं होतं. तिची बोटं दांड्यावर पांढरी पडली. एइनोच्या अंत्यविधीला मी तिच्यापासून दोन रांगा मागे होतो. तिथेही तिला इतके कष्ट पडलेले मला दिसले नव्हते.

बिक्सबी मोकळा झाला, त्याने वरचे फोटो काढले आणि लंगडत खाली आला. त्याच्या डोक्यात जाळी अडकली होती. आम्ही दोघांनीही ती पाहिली नाही.

"फळ्या ओल्या आहेत, पण लाकूड पांढरंच आहे. काळं पडलेलं नाही," तो म्हणाला. "हे पाणी याच हिवाळ्यातलं. कडेचा बर्फ अजून तसाच आहे. मी मंजुरीची शिफारस करतो. छप्पर आणि सिलिंग, दोन्ही."

"आणि तो शब्द?"

"नवा अहवाल आला की जुना रद्द होतो."

"इथे लिहा. आणि मोठ्याने वाचा."

त्याने लिहिलं. वाचलं. तिने आणखी एकदा वाचायला लावलं. मग तिने विचारलं, "झाले फोटो?" तो हो म्हणाला, आणि त्याने बुटांच्या नाड्या बांधायच्या आत तिने जमीन झाडून, पुसून, कोरडी केली होती.

मंजुरीचं पत्र आलं. बर्फ गेल्यावर सुतार आले, छप्पर उतरवून नवं बसवलं. ते येण्याआधी लेंपी माळ्यावर चढून सगळं धुऊन आली, तेव्हा सुतारांना वर जायची भीती वाटायला लागली. आर्विदने इमारतीच्या यादीतून तिचं नाव काढलं. जूनमध्ये तो भेटायला आला, तेव्हा मीही तिच्या पायरीवर होतो. हिवाळ्यातल्या वरंब्याबद्दल मला बोलावणं आलं होतं.

"काकू, आता तरी बिक्सबीबद्दल एखादा बरा शब्द बोल," आर्विद म्हणाला. "अखेर त्याच्यामुळेच घर राहिलं. त्याने ठरवलं असतं तर पुन्हा नाही म्हणाला असता."

लेंपीने निसूचे काप केले, ताटली त्याच्यापुढे ठेवली, सुरी पुसली.

"त्या माणसाने माझा माळा पाहिलाय," ती म्हणाली.