छत्तीस हजारांचा आकडा

मोठ्या भावाशी माझं वाकडं आहे ते बोडीवरून. बोडी म्हणजे नागभीडजवळचं आमचं घरचं तळं; खाली धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, आत मासे. बाबा गेल्यावर ती एकत्र ठेवायची की मधून बांध घालून वाटायची, यावर आम्ही एकमेकांचं तोंड पाहणं सोडलं होतं. मासळीचं बीज, म्हणजे बारकी पिल्लं, सोडायच्या आत काय ते ठरवा, असं आईनं बजावलं.

भाऊ भामरागडकडे मास्तर. पुरानं रस्ता बंद, मोबाइलचा टॉवर मुका. चालू होती ती फक्त ग्रामपंचायतीची उपग्रहाची छत्री. तिच्यावरून तो फोन करणार होता, तोवर मी आईला ज्ञान पाजलं. वर एक पेटी आहे, दोन्ही बाजूंनी सौर पंख पसरलेली. पृथ्वीबरोबरच फिरते, म्हणून एका जागी उभी वाटते. खालून आलेल्या लहरी पकडते, त्यांचा जोर वाढवते, परत खाली सोडते. जागेवरून सरकू नये म्हणून थोडं थोडं इंधन जाळते. ते संपलं की निवृत्त. आवाजाला वर जाऊन खाली यायला जरा वेळ लागतो, हेही सांगितलं.

"किती उंच हाय?"

"छत्तीस हजार किलोमीटर."

"म्हणूनच तुमच्यात छत्तीसचा आकडा," आई म्हणाली.

फोन आला. मी विचारलं, "भाऊ, बोडी एकत्र ठेवाची काय?"

उत्तर नाही. आमच्या घरी जो लगेच 'हो' म्हणत नाही तो 'नाई' म्हणाला, असंच धरतात. माझं डोकं फिरलं. "तोंड काऊन फुटत नाई? मंग वाटून टाकाची काय?"

तेवढ्यात वरून आवाज उतरला, "हो!"

"ठीक हाय! घालतो बांध!"

"तोंड कोणाचं काढतेस रे?" तिकडून भाऊ.

"तुयंच!"

त्यानं फोन आपटला. मी सायन्सचा पदवीधर, पण राग आला की माझं सायन्स घरी राहतं. आठवड्यात बांध घातला.

रस्ता सुटला तसा भाऊ थेट बोडीवर आला. आई बीजाची बादली घेऊन उभीच होती.

"मी एकत्र ठेवाले हो म्हटलो होतो," भाऊ म्हणाला.

"मंग तेव्हाच काऊन नाई सांगतलं?"

"तू बोलू देशील तं!"

"समजलं ना आता?" आई म्हणाली. "फोडा तो बांध."

"तोंड ज्यानं काढलं त्यानं फोडावा."

"फोन ज्यानं आपटला त्यानं!"

फावडं दोघांच्या मधे पडलेलं. कोणी वाकलं नाही. बादलीतलं बीज तडफडायला लागलं.

"मंग हे कुठी सोडू?" आईनं विचारलं.

"इकडं!" आम्ही दोघं एकदमच बोललो, आणि ज्यानं त्यानं आपापल्या बाजूला बोट दाखवलं.