'नाही'वर केलेली खूण

चूक माझी होती. अम्मा, म्हणजे माझी आई, धाकट्या बहिणीकडे अमेरिकेला निघाली तेव्हा तिच्या आजारपणाच्या विम्याचा अर्ज मी भरला. 'दुसरी पॉलिसी आहे का?' या प्रश्नापुढे मी 'नाही'वर खूण केली. बहिणीने तिकडून एक पॉलिसी आधीच काढली होती. मला ते माहीत होतं.

त्या खुणेचा जाब मला विमा कंपनीच्या सोलापूरच्या कार्यालयात द्यावा लागला. साहेबांसमोर दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. ते बसा म्हणाले नाहीत. अम्माचा अर्ज चाळत ते शेजारच्या टेबलांकडे वळले. "बघा, बाई जन्मभर बिड्या वळत होती आणि पॉलिस्या दोन-दोन. आपल्या घरी एकेकच हाय बाबा."

सगळे हसले. मीही हसलो. भीतीने हसलो.

तिच्या तंबाखूच्या दम्यासाठीच मी दुसरी पॉलिसी काढली होती. बहिणीची पॉलिसी जुना आजार धरत नव्हती. मग लपवलं का? लहानपणी आम्हा भावंडांची नावं आजोबांच्या आणि वडिलांच्या अशा दोन रेशनकार्डांवर होती. तपासणीला आलेल्या माणसाने भर गल्लीत दोन्हीकडची नावं कापली आणि अम्माला चोर म्हणाला. तेव्हापासून डोक्यात बसलं, नाव दोन ठिकाणी सापडलं की दोन्हीकडून जातं. मी शाळेत क्लार्क आहे. रोज दुसऱ्यांचे अर्ज तपासतो. पण हे कुणाला विचारायची हिंमत झाली नाही.

तिकडे अमेरिकेत अम्माचा दमा उसळला होता. चार दिवस दवाखान्यात काढून ती सोलापूरला परत आली. बहिणीने दोन्ही कंपन्यांना कागद पाठवले आणि माझी खूण उघडी पडली. बहीण फोनवर रडायची. बिलाची पत्रं तिच्या नवऱ्याच्या नावाने येत होती.

साहेबांनी तोडगा सुचवला. "आई अडाणी हाय ना तुमची? मग लिहून द्या, पहिली पॉलिसी तिनं तुमच्यापासून लपवली. या लोकांचं असं होतंच. आम्ही समजून घेऊ."

मी लिहून दिलं. 'या लोकांचं', म्हणजे आम्हा तेलुगू बोलणाऱ्यांचं, हे शब्दही गिळले.

आता तसाच एक जबाब तिच्या नावाने टाइप करून दिला होता, त्यावर तिची सही हवी होती. घरी मी कागद तिच्यापुढे ठेवला, इथे सही कर म्हणालो. अम्मा तेलुगूत सही करते, एकेक अक्षर जपून. पेन उघडून ती म्हणाली, आधी वाचून दाखव. कागद मराठीत होता. तिने लपवल्याचं वाक्य गाळता आलं असतं. दोनदा अडखळलो. मग वाचलं.

तिने पेनाला टोपण लावलं.

"मी काय लपवलं रे?" ती तेलुगूत म्हणाली. मी कागदाची घडी केली. मग ती म्हणाली, "रेशनवाल्याने चोर म्हटलं. तो परका होता."

दुसऱ्या दिवशी कार्यालयात गेलो. न विचारता खुर्चीवर बसलो आणि पत्र परत मागितलं.

"मग क्लेम गेला समजा," साहेब म्हणाले. "खोटी माहिती दिली म्हणून तुमच्यावरच येईल."

"येऊ द्या."

तिथेच नवीन पत्र लिहिलं. दुसरी पॉलिसी मला ठाऊक होती, खूण मी केली, आईचा काही संबंध नाही. पोच देताना शिक्का मारणाऱ्या बाई हळूच म्हणाल्या, "दोन पॉलिस्या ठेवता येतात की हो. फक्त सांगायचं असतं. एक आधी देते, उरलेलं दुसरी बघते."

एवढंच होतं. एवढ्यासाठी मी तिला खोटं ठरवलं होतं.

क्लेमचं उत्तर अजून आलेलं नाही. पोस्टमन गल्लीत दिसला की अजूनही माझ्या हातातलं काम थांबतं.

त्या दिवशी घरी येऊन मी अम्मासमोर जमिनीवर बसलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर केली नाही. तरीही मी माफी मागितली.

"अम्मा, खोटं मी लिहिलं आणि तुझ्या नावावर टाकलं. घाबरलो म्हणून टाकलं. माझं चुकलं. पुढेही मी घाबरेन. पण या बिलापायी घर विकायची वेळ आली तरी तुला पुढे करून मी मागे लपणार नाही."